गल्लीच्या टोकाची भिंत आणि माझं मौन

मामंजी सकाळची फेरी संपवून घरी आले तेव्हा त्यांचा डावा तळहात लालभडक होता. मी हातातलं भांडं तसंच सोडून धावले. कापूस आणला, औषधाची बाटली आणली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि हात पुसायला लागले. हे सगळं तोंडातून चकार शब्द न काढता, कारण दुपारपर्यंत मौन हा माझा रोजचा नेम आहे.

"काय झालं, सूनबाई? धावतेयस कशाला?" मामंजींनी विचारलं.

त्यांना दिसत नाही आणि मी बोलत नाही, त्यामुळे सकाळच्या वेळी आमच्यात गैरसमजाला भरपूर वाव असतो. मी त्यांचा हात उलटासुलटा करून जखम शोधत राहिले. जखम सापडेना, कापूस मात्र लाल होत होता. शेवटी मी पट्टी बांधून टाकली. तेवढ्यात आमचे हे अंघोळ करून बाहेर आले, त्यांनी दोनदा हवा हुंगली आणि म्हणाले, "ऑइल पेंट आहे हा. रंगाला पट्टी कशाला बांधलीस?"

"तरीच," मामंजी म्हणाले. "भिंत आज ओली लागली हाताला. रंगाची खूण केलीय, म्हणजे पाडणार की काय ती?"

त्यांचा आवाज कापला असं मला वाटलं. मी त्यांचा पट्टीतला हात हळूच दाबला. म्हणजे, काळजी करू नका, मी आहे.

गल्लीच्या टोकाला जाऊन पाहिलं तर हॉस्पिटलच्या भिंतीवर माणसाच्या उंचीची लाल फुली होती आणि फुलीच्या बरोबर मध्ये मामंजींचा पंजा. पाहणाऱ्याला वाटावं, की कुणीतरी फुली मारली आणि मग विचार बदलून 'थांबा' म्हटलं. पलीकडच्या रखवालदाराला ह्यांनी हाक मारून विचारलं, तेव्हा भिंतीवरून उत्तर आलं. हॉस्पिटल वाढणार, ही भिंत जाणार, इथे मोठं गेट होणार आणि अँब्युलन्स आमच्या गल्लीतून ये-जा करणार.

आमची गल्ली एका बाजूने रस्त्याला उघडते आणि दुसऱ्या बाजूने ह्या भिंतीपाशी संपते. संपते म्हणूनच ती गल्ली आहे, नाहीतर रस्ता झाली असती. हॉस्पिटल आमच्या डोळ्यांदेखत वाढलं. एखाद्या पाहुण्याने आधी खुर्चीच्या कडेला टेकावं, मग पाठ टेकावी, मग पाय वर घ्यावेत, आणि आपण संकोचाने काही बोलू नये, तसं. आता पाहुणा उशी मागत होता.

माझा दुसरा नेम आहे कोणाची निंदा न करण्याचा. हा पहिल्यापेक्षा अवघड, कारण पहिला निदान दुपारी सुटतो. तेव्हा पुढे शेजाऱ्यांविषयी जे आलं आहे ते केवळ माहिती म्हणून वाचावं.

माझी काळजी एकच होती, ती मामंजींची. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. रोज सकाळी चहा झाला की उजव्या हातात काठी आणि डावा हात कुंपणांवरून फिरवत ते दारापासून भिंतीपर्यंत जातात, भिंतीला तळहात टेकून थोडा वेळ उभे राहतात आणि परत येतात. टेलरकाकांची पायरी, काकूंच्या कुंड्या, वकीलसाहेबांचं पुढे आलेलं फाटक, सगळं त्यांना हातापायांनी पाठ आहे. त्यांचं बाहेर जाणं म्हणजे एवढंच. त्या गल्लीतून गाड्या धावायला लागल्या की मामंजी खुर्चीत, आणि एकदा खुर्चीत बसलेला म्हातारा माणूस पुन्हा उठत नाही, हे मी माझ्या वडिलांच्या वेळी पाहिलं होतं.

दुपारी मौन सुटल्यावर मी ही बातमी काकूंना सांगितली. म्हणजे चहा होईपर्यंत सगळ्या गल्लीला कळली. काकूंचा बराचसा दिवस गच्चीत जातो आणि लोकांची त्यांना फार कळकळ आहे.

संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत बैठक भरली. वकीलसाहेब अध्यक्ष झाले. ते वकील नाहीत. कोर्टात पक्षकारांच्या नावाचा पुकारा करण्याची त्यांची नोकरी होती, पण आवाज असा कमावलेला, की ते घरात मीठ मागतात तेव्हा टेलरकाका आपल्या दुकानातून मीठ घेऊन निघतात. बैठकीचा पहिला तास समितीच्या नावात गेला. 'बचाव' म्हटलं तर आपण दुबळे दिसतो, 'संघर्ष' म्हटलं तर हॉस्पिटल ओळखीने डॉक्टर देणार नाही. शेवटी 'गल्ली हितचिंतक समिती' ठरलं. काकूंनी सगळ्यांना चहा केला, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या साखरेचा, आणि सगळ्यांनी काकूंचे आभार मानले.

"पहिलं काम म्हणजे सरकारी कागद," वकीलसाहेब म्हणाले. "गल्ली आपली आहे हे कागदावर पाहिजे."

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं नगरपालिकेत गेलो. तिथल्या साहेबांनी भला मोठा नकाशा पसरला, चष्मा वर केला, आमच्या गल्लीवर पेन टेकवलं आणि म्हणाले, "इथे नाला आहे."

"पण आम्ही तिथे राहतो," हे म्हणाले.

"राहत असाल. आमची हरकत नाही."

"तिथे हॉस्पिटल गेट करतंय. त्याची तक्रार द्यायची आहे."

"कशावर गेट?"

"गल्लीवर."

"गल्ली नाहीच, तर तक्रार कसली?" साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "हां, नाल्यात कुणी घरं बांधली असतील तर तसं लिहून द्या. ताबडतोब पाडून टाकू."

आम्ही त्यांचे मनापासून आभार मानले, पत्ता न सांगता बाहेर आलो आणि घरी जाताना उगाचच वळसा घालून गेलो. कुणी मागे येत नाही ना, ते आमचे हे सारखे बघत होते.

कागदाचा मार्ग असा बंद झाल्यावर वाटाघाटींचा उरला. वकीलसाहेब, टेलरकाका आणि आमचे हे असं शिष्टमंडळ हॉस्पिटलच्या मॅनेजरकडे गेलं. तिथे काय झालं त्याच्या तीन हकिगती आहेत. तिन्हींत समान भाग एवढाच, की वकीलसाहेबांनी बोलायला सुरुवात केल्यावर शेजारच्या वॉर्डातून दोन नर्स धावत आल्या, आणि टेलरकाका सबंध वेळ मॅनेजरच्या कोटाकडे बघत होते.

"खांदा पडलाय त्याचा," ते परत आल्यावर म्हणाले. "तयार घेतलेला आहे. अशा माणसाशी बोलताना मन लागत नाही."

"मग गेटाचं काय ठरलं?" मी विचारलं.

तिघांनी खिशातून एकेक कार्ड काढून दाखवलं. वर्षभर रक्तदाब मोफत तपासून मिळणार होता.

"आता वहिनींना पाठवू," वकीलसाहेब म्हणाले. "बाईमाणूस समोर असलं की पुढचा आवाज चढवत नाही. बोलायचं काम माझं. वहिनी, तुम्ही नुसत्या माझ्या शेजारी बसा."

मॅनेजरने सकाळची वेळ दिली होती. मी माझ्या नेमाची आठवण करून दिली.

"उत्तमच झालं," वकीलसाहेब म्हणाले. "आपल्याकडून एकानेच बोललेलं बरं."

हे म्हणाले, "घरी असाच अनुभव आहे." ह्यावर मी काही म्हटलं नाही, दुपार उलटून गेलेली असूनही.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं हॉस्पिटलच्या दारात पोचलो. दारातच टेबल टाकून एक नर्स बसली होती. वकीलसाहेबांना खिशातलं कार्ड आठवलं. "मोफत आहे तर बघून घेऊ," म्हणत त्यांनी बाही वर केली. नर्सने आकडा पाहिला, मग वकीलसाहेबांकडे पाहिलं, मग पुन्हा आकडा पाहिला आणि कुणाला तरी खूण केली. चाकांची खुर्ची आली. वकीलसाहेबांनी कमावलेल्या आवाजात हरकत घेतली, तसा आकडा आणखी चढला, तशी खुर्चीच्या जागी आडवी गाडी आली. लिफ्टचं दार लागता लागता त्यांचा आवाज ऐकू आला, "वहिनी, पुढची तारीख मागून घ्या."

न बोलता तारीख कशी मागतात हे मला माहीत नव्हतं. मी मॅनेजरच्या खोलीत जाऊन बसले.

मॅनेजर तरुण होता, गोड होता आणि कोटाचा खांदा खरंच पडलेला होता. त्याने पाणी दिलं, पंखा वाढवला, आणि हॉस्पिटल हे समाजासाठी कसं असतं ते सांगितलं. "आपल्याला पटतंय ना?" असं म्हणून तो थांबला.

मान हलवली असती तर गेट मान्य केल्यासारखं झालं असतं. खाली बघितलं असतं तरी तेच. म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मनात देवाचं नाव घेत राहिले. अनोळखी माणसापुढे दुसरं काय करणार.

"बरोबर आहे," तो जरा वेळाने म्हणाला. "सायरनचा त्रास होणार. तुमचं म्हणणं रास्त आहे."

माझं काहीच म्हणणं नव्हतं.

"गल्लीत सायरन वाजणार नाही. ठीक?" तो पुन्हा थांबला. मी नाम घेत होते. "आणि रात्री गेट बंद. पूर्ण बंद. आता तर ठीक?" त्याने टाय सैल केला. "बाई, मला वरती उत्तर द्यावं लागतं. तुम्ही इतकं ताणू नका. रुंदी कमी करतो. मोठी गाडी येणार नाही, फक्त छोटी. बोला."

मी बोलले नाही. तो उठून बाहेर गेला आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला.

मोठे डॉक्टर पांढऱ्या केसांचे, भारदस्त. पेशंटने तोंड उघडलं की सगळं सांगून टाकावं, अशी त्यांना सवय. ते समोर बसले, बोटं जुळवली आणि वाट पाहू लागले. मीही वाट पाहू लागले, दुपार होण्याची. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. थोड्या वेळाने डॉक्टर स्वतःशीच म्हणाले, "माझी आई अशीच बघायची." मग मॅनेजरकडे वळून, "नव्या इमारतीच्या नकाशातून ह्यांच्या बाजूच्या खिडक्या काढून टाका. लोकांच्या घरात डोकावणं बरं नाही."

मामंजींच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती. मी उठले, दोघांना नमस्कार केला आणि निघाले. मी चिडून चालले असं मॅनेजरला वाटलं असावं. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत त्याचा आवाज मागून येत होता, "झाडं लावू, बाई. पूर्ण भिंतीला लागून झाडं."

दुपारी मी गल्लीत सगळं खरं खरं सांगितलं. मी काही केलं नाही, नुसती बसून होते.

"हीच तर कला आहे," वकीलसाहेब म्हणाले. त्यांना आता बिनमिठाचं खायला सांगितलं होतं आणि आवाज निम्म्यावर आला होता. "सगळी हयात कोर्टात गेली माझी. असा साक्षीदार बघितला नाही."

"वहिनींची नजरच तशी आहे," टेलरकाका म्हणाले. "उसवणारी."

माझ्या नामस्मरणाला कोणी उसवणारी नजर म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी देवाची मनोमन क्षमा मागितली. पण खरं दुःख वेगळंच होतं. गेट लहान झालं होतं, तरी गेट होतंच. आणि छोटी गाडी मामंजींना मोठ्या गाडीइतकीच जोरात लागली असती.

हे सांगायला मी तोंड उघडलं, की समिती अस्वस्थ व्हायची. माझं मौन ही आता गल्लीची सामाईक मालमत्ता झाली होती. दुपारी भाजीवाल्याशी मी दोन शब्द बोलले तर काकू गच्चीतून हात करायच्या, जपून म्हणून. टेलरकाका माझ्याशी खुणांनी बोलू लागले. इतकी वर्षं ह्या घरात मी बोलले की हे वर्तमानपत्राचं पान उलटायचे. तेच हे एक दिवस जेवताना म्हणाले, "आता नाही बोललीस तरी चालेल. सराव राहील." मी त्यांना आणखी भात वाढला. वाढताना चमचा जरा जोरात लागला एवढंच.

दुसऱ्या बैठकीची वेळही सकाळचीच ठरली होती. ती अचानक बदलून दुपारी जेवणानंतरची झाली. मॅनेजरचा निरोप अतिशय नम्र होता. वहिनींच्या नेमात व्यत्यय नको म्हणून, असं त्याने कळवलं होतं.

"त्याला कसं कळलं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

काकूंनी कुंडीतलं एक पान खुडलं. "मी सहज त्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात गेले होते," त्या म्हणाल्या. "विषय निघाला."

त्या तिथे सहज का गेल्या होत्या, हे कुणी विचारलं नाही. मला तेव्हा ह्याचं नवल वाटलं. नंतर वाटलं नाही.

वकीलसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, नेम संध्याकाळपर्यंत वाढवता येतो का बघा. एकदाच. देवाशी बोलून घ्या."

"मौन देवाला दिलेलं आहे," मी म्हणाले. "ते समितीला उसनं कसं देणार? आणि बोलता येत असून न बोलण्याचं सोंग घेणं म्हणजे खोटंच की."

"बघा, बोललात की बिघडतं," ते खिन्नपणे म्हणाले.

त्या दुपारी सगळी समिती माझ्यासोबत आली. मोठे डॉक्टरही होते. मॅनेजरने कोट बदलला होता. त्याने सगळ्यांना बसवलं आणि मग हसून माझ्याकडे वळला. "आता बोला, वहिनी. तुम्हाला नेमकं काय हवंय?"

मी बोलले. माझा आवाज मुळात लहान. पंख्यात तो विरून जाऊ लागला म्हणून मॅनेजरने पंखा बंद केला, मग खिडकी लावली, मग सगळे खुर्च्या पुढे ओढून माझ्याभोवती वाकले. मी सांगितलं, की मला काही नको. माझ्या सासऱ्यांना दिसत नाही. रोज सकाळी ते ह्या भिंतीपर्यंत येतात, हात टेकतात आणि परत जातात. तेवढं त्यांचं राहू दे.

"एवढंच?" मॅनेजर म्हणाला. "पण गेटाला तर सगळ्यांची संमती आहे. टेलरकाकांना आमच्या स्टाफचे कोट शिवायला दिलेत. काकूंकडे नर्सच्या नाश्त्याचं काम. वकीलसाहेब आमचे सल्लागार. आणि साहेबांच्या," इथे त्याने आमच्या ह्यांच्याकडे अदबीने हात केला, "स्कूटरला छपराखाली कायमची जागा. फक्त आपलीच संमती राहिली होती."

वकीलसाहेबांनी स्वतःची नाडी बघायला घेतली. टेलरकाका मॅनेजरच्या नव्या कोटाची शिवण निरखू लागले, आणि ती कुणी घातली होती हे मला तेव्हा कळलं. हे बंद पंख्याकडे बघत होते.

"अगं, पावसात भिजते ती," हे हळूच म्हणाले.

निंदा करायची नाही हा नेम आहे, आणि तो मी त्या क्षणीही पाळला. फक्त ह्यांच्याकडे पाहिलं. टेलरकाका म्हणतात ती नजर खरंच असावी, कारण हे खुर्चीसकट मागे सरकले.

मोठे डॉक्टर मॅनेजरकडे वळले. त्यांनी त्याला विचारलं, "ह्या नव्या इमारतीत आपण काय काय घेतोय?"

"डोळ्यांचा विभाग, साहेब. सगळ्यात मोठा."

"आणि त्याच्या दारासाठी एका आंधळ्या माणसाची वाट बंद करायची." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "पेपरात हे कसं दिसेल, सांग बरं मला."

मॅनेजरने मनातल्या मनात ते वाचलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला. भिंत राहील, असं ठरलं. अँब्युलन्ससाठी हॉस्पिटल पुढच्या बाजूचं गोदाम घेईल. बैठक संपली.

गल्ली वाचली होती. परत येताना मात्र मिरवणूक अंत्ययात्रेसारखी चालली होती. टेलरकाकांनी पायरीवर बसून एका अर्धवट कोटाचे टाके काढायला सुरुवात केली. काकू वर गेल्या आणि गच्चीचं दार आपटलं. "गल्ली वाचली हे खरं, वहिनी," वकीलसाहेब फाटकात उभे राहून म्हणाले, "पण नक्की कुणासाठी, ते एकदा समितीला कळवा." आमचे हे स्कूटर पुसायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

माझ्यापाशी उत्तर होतं. ते आमच्या खोलीत खुर्चीत बसलं होतं. मी चपला काढल्या, त्यांच्यापुढे स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मामंजी, भिंत राहणार. कुणी तिला हात लावणार नाही."

"राहणार का," मामंजी म्हणाले.

"हो. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं."

"बरं." ते काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत बसले. "मला वाटलं होतं पाडतायत."

असा आवाज मी ओळखते. लहान मुलांना सहल रद्द झाली असं सांगितलं की तो येतो. मी स्टूल जवळ ओढलं. "तुम्हाला पाडायला हवी होती का?"

"आता ठरलंय तर राहू दे."

"मामंजी."

"अगं, पलीकडे ती माणसं बसतात ना वाट बघत," ते म्हणाले. "मी हात टेकून ऐकत असतो. रोज कुणीतरी कुणाला काहीतरी सांगत असतं. त्या दिवशी एक बाई सांगत होती, तिच्या भावाने बायको माहेरी गेलेली असताना घर विकलं. चांगलं रंगात आलं होतं, आणि आतून तिचा नंबर पुकारला. गेली ती. आता त्या बायकोने परत येऊन काय केलं, ते मला कसं कळणार? असं रोज होतं. फुली मारली म्हणाले तेव्हा वाटलं, चला, आता पलीकडे जाऊन बसता येईल. आपणही काही विचारू, काही सांगू."

"मग मला सांगायचं नाही का?"

"विचारलं होतं की. त्याच सकाळी, पट्टी बांधलीस तेव्हा. पाडणार का म्हटलं. तू काही बोलली नाहीस, उलट हात दाबलास. मला वाटलं, गप्प बसा म्हणतेयस."

मॅनेजरची मला पहिल्यांदाच दया आली.

त्या रात्री मी जपाला बसले, पण मन लागेना. देवापुढे बसलं की माझ्याच सकाळच्या शांततेचे सगळे अर्थ रांगेने समोर येऊन उभे राहायचे, आणि त्यातला एकही मी काढलेला नसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच हॉस्पिटलात गेले. मॅनेजर मला बघून उभा राहिला आणि उभाच राहिला.

"भिंतीत एक दार हवंय," मी म्हणाले. "माणूस जाईल एवढं."

"वहिनी," तो म्हणाला, "काल तुम्हीच..."

"हो. काल मी विचारलं नव्हतं."

"कुणाला?"

"ज्यांची भिंत आहे त्यांना."

स्वतःच्या पेल्यातलं पाणी त्याने एका दमात संपवलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही बोलत नव्हता ते बरं होतं." पण दार दिलं. मोठ्या डॉक्टरांना ते फार आवडलं म्हणे. ह्याचा फोटो पेपरात चांगला दिसेल असं ते म्हणाले.

आता दार झालं आहे. अँब्युलन्स येत नाहीत, पण माणसं येतात. वाट बघून कंटाळलेले नातेवाईक दारातून आमच्या गल्लीत पाय मोकळे करायला शिरतात. टेलरकाका त्यांची तुटलेली बटणं लावून देतात, काकूंनी पायऱ्यांपाशी चहाचं सुरू केलं आहे, वकीलसाहेब ओट्यावर बसून त्यांचे विम्याचे कागद खालच्या आवाजात वाचून दाखवतात. जी गल्ली वाचवायला आम्ही समिती काढली, ती तशी राहिली नाही. समितीनेही त्याबद्दल तक्रार केलेली नाही. तक्रार एकट्या आमच्या ह्यांची आहे, कारण बाहेरच्यांच्या गाड्यांमुळे आमच्या स्कूटरला उन्हातही जागा मिळत नाही. आणि माझी थोडी कुचंबणा होते. सकाळी कुणीतरी आमच्या दारात येऊन विचारतं, "बाई, एक्स-रे कुठे?" मी हाताने दाखवते. ह्या चौकशीवाल्या बाई उत्तर देत नाहीत, अशी हॉस्पिटलात दोनदा तक्रार गेली, असं मॅनेजरने दुपारी येऊन अतिशय नम्रपणे सांगितलं.

मामंजी रोज पलीकडे जातात. काल परत यायला त्यांना बराच उशीर झाला. परतल्यावरचा चहा दोनदा गरम करून झाला होता. दाराशी काठी वाजली तेव्हा माझ्या जिवात जीव आला, पण तो मी नेमाप्रमाणे तोंडावर येऊ दिला नाही. चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"उशीर झाला," मामंजी बसत म्हणाले. "मीटिंग होती. तो तुझा मॅनेजर भेटला. चांगला आहे मुलगा, बोलतो जरा जास्त. डोळ्यांच्या विभागाला जागा कमी पडतेय म्हणाला. आपलं मागचं अंगण मिळेल का, विचारत होता."

मी जागच्या जागी उभी राहिले.

"मी म्हटलं, माझी ना नाही, पण सूनबाईला विचारतो." त्यांनी माझ्या दिशेने चेहरा वळवला. "विचारलं नाही असं पुन्हा व्हायला नको. काय गं, तुझी काही हरकत?"

मी त्यांचा हात दाबला नाही. दाबण्याचा काय अर्थ निघतो ते मला माहीत झालं होतं. गप्प राहण्याचे तर दोन्ही अर्थ निघतात. बाहेर ऊन अजून कोवळं होतं.

"आहे," मी म्हणाले. "हरकत आहे. आणि अंगणाच्या एका विटेलाही त्याने हात लावायचा नाही, असं त्याला आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा."

इतक्या वर्षांत सकाळच्या वेळी ह्या घरात माझा आवाज प्रथमच झाला. आतल्या खोलीत ह्यांच्या हातून काहीतरी खाली पडलं.

मामंजींनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. "अंगणाचं कुणी काही विचारलेलं नाही," ते म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. "ह्यात साखर कमी आहे. आता बोललीच आहेस तर जरा बस, त्या घर विकणाऱ्या भावाचं पुढे काय झालं ते सांगतो."